मिरची हातात देऊ नये

मिरची कुणाच्या हातात देऊ नये, खाली ठेवावी आणि घेणाऱ्याने उचलून घ्यावी, नाही तर दोघांत भांडण होतं, हे मला माहेरीच शिकवलं होतं. पण आमच्या साताऱ्याकडे मिरची शेतात होते. सुगीत पोत्यांनी इकडची तिकडे जाते, तेव्हा हा नियम कुणाच्या लक्षात राहायचा नाही, आणि भांडणं व्हायची ती बांधावरून व्हायची. लग्न होऊन कर्जतला आले, भिसेगावात बिऱ्हाड केलं, तेव्हा मला असे एक गृहस्थ भेटले की ज्यांनी आपला सगळा जन्म या एका नियमावर टांगून ठेवला होता. ते आमचे घरमालक. त्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. मी बऱ्याचदा प्रयत्न करून पाहिला, पण जमत नाही.

आमचे हे रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. घर बघायला गेलो तेव्हा माणसाआधी दिसल्या त्या कुंड्या. कुंड्या आपलं म्हणायचं. फुटके माठ, घासलेटचे कापलेले डबे, बूड गेलेलं घमेलं, एक गळकी पितळी कळशी, जे काही माती धरून ठेवील त्यात मिरचीचं झाड. पडवीच्या दोन्ही बाजूंना रांगा, पायरीवर रांग, न्हाणीच्या दगडावर रांग. मी मनात हसले. आमच्याकडे बैलगाडीने येते ती वस्तू हा माणूस डब्यात लावतोय, असं मला वाटलं.

त्यांनी ते हसू ओळखलं असावं. ते म्हणाले, "देशावरच्या दिसता. इथे चार महिने जमीन पाण्यात असते, सूनबाई. भाताला ठीक आहे. मिरचीच्या मुळाशी पाणी साचलं की ती गेली. म्हणून डब्यात. पाऊस वाढला की उचलून आत आणता येते."

ते खरंच होतं. आषाढात एकेक डबा छातीशी धरून ते ओटीवर आणून मांडत, आणि मग चार महिने घरात माणसांनी चालायचं कुठून हा प्रश्न असे. घरात दुसरं माणूस नव्हतं, बायको गेलेली, मामलेदार कचेरीतून पेन्शनीत निघालेले. मला पहिल्याच दिवसापासून त्यांनी सूनबाई म्हटलं. मला ते आवडलं होतं हे कबूल करते.

ह्यांनी त्या दिवशी एकच गोष्ट विचारली. पुढच्या दाराला आतून अडसर नव्हता. चौकटीला दोन्हीकडे लोखंडी कड्या होत्या, त्या रिकाम्या. हे म्हणाले, "स्टेशन जवळ आहे, भुरट्यांचा त्रास असेल, एखादा अडसर बसवून घ्यावा." घरमालक म्हणाले, "होता. जळणात गेला." आणि लगेच आम्हाला लवंगी मिरचीची जात समजावून सांगायला लागले.

त्यांच्या कुंड्यांत सगळ्यात मानाची एक विलायती कुंडी होती. पांढरीशुभ्र, चिनी मातीची, कडेला निळी फुलं, धरायला एका बाजूला कान. माथेरानच्या कुणा साहेबाच्या बंगल्यातलं सामान विकलं तेव्हा ती त्यांनी आणली होती. तिच्यात सगळ्यात तिखट झाड. आल्यागेल्याला ती दाखवत आणि म्हणत, "बघा, साहेबलोक झाडालासुद्धा कपासारखा कान ठेवतात." साहेबलोक ते भांडं पलंगाखाली कशासाठी ठेवतात हे ह्यांना रेल्वेतल्या नोकरीमुळे माहीत होतं. ह्यांनी ते मला घरी आल्यावर सांगितलं आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. त्या झाडाच्या मिरच्या मात्र मी कधी आमटीत घातल्या नाहीत.

राहण्याच्या अटीही कुंड्यांच्याच. तांदळाचं धुवण मोरीत ओतायचं नाही, डब्यात साठवायचं. मासळी धुतलेलं पाणी वेगळं. ताकाचं भांडं विसळलेलं पाणी वेगळं. कुठलं पाणी कुठल्या झाडाला हे त्यांचं ठरलेलं असे. चुलीतली राख ते स्वतः येऊन चाळून नेत आणि पहाटे दव असताना पानांवर भुरभुरत, म्हणजे बोकड्या पडत नाही. मिरचीची पानं आक्रसून बोकडाच्या कानासारखी वळतात त्या रोगाला बोकड्या म्हणतात. एखाद्या झाडाला तो झालाच तर ते झाड उपटून, जाळून, त्याचा डबासुद्धा चार दिवस उन्हात पालथा घालत. त्या बाबतीत त्यांना दया नव्हती. "एकाला ठेवलं तर सगळी जातील," असं ते म्हणत. पहिली फुलं नेहमी खुडून टाकत. मला वाईट वाटायचं. ते म्हणत, "पहिल्या बहराचा लोभ धरला की झाड खुजं राहतं."

माणसांची परीक्षाही ते मिरचीनेच घेत. नव्या माणसाला एक लवंगी खायला लावायची. आमच्या ह्यांना लावली. ह्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या आणि घरमालक खूश झाले. "ज्याच्या डोळ्याला पाणी येत नाही," ते म्हणाले, "त्याच्या घरचं पाणी पिऊ नये." हे वाक्य ते आठवड्यातून दोनदा तरी म्हणायचे. त्यांच्या स्वतःच्या डोळ्याला फार लवकर पाणी यायचं. भजन ऐकलं की यायचं, पोस्टमन दुसऱ्याचं पत्र घेऊन पुढे गेला की यायचं. गावात त्यांना मऊ मनाचा माणूस म्हणत ते त्यामुळेच.

आणि हातात न देण्याचा नियम. मिरच्या तोडून आणल्या की पळसाच्या पानावर पायरीवर ठेवायच्या, दोन पावलं मागे सरायचं आणि म्हणायचं, "उचला." आपण हात पुढे केला की ते असे दचकत, जसं काही आपण विस्तव मागितला. एकदा बाजारात एका भाजीवालीने घाईत त्यांच्या हातावर मिरच्या ठेवल्या. त्यांनी हात झटकला, मिरच्या चिखलात गेल्या, ती बाई कमरेला पदर खोचून उभी राहिली, आणि अर्धा बाजार जमेपर्यंत दोघं एकमेकांच्या बापजाद्यांचा उद्धार करत होते. संध्याकाळी पडवीत बसून ते ह्यांना म्हणाले, "पटलं ना आता? हातात दिली आणि भांडण झालं."

या नियमामागची गोष्ट त्यांनी मला तिसऱ्या महिन्यात सांगितली. मी पायरीवरच्या मिरच्या उचलत होते. ते म्हणाले, "सूनबाई, तुम्हाला हे खूळ वाटत असेल. पण मी एकदा चुकलो आहे. माझी एकुलती एक लेक. खोपोलीला दिली आहे. दिवाळीला आली होती, निघताना गाडीची घाई झाली, मी मूठभर मिरच्या तिच्या हातात दिल्या. हातात. ती गेली ती गेलीच. सात वर्षं झाली, तिने या घरात पाऊल टाकलं नाही. पत्राला उत्तर नाही." आणि ते रडले. हमसून रडले. पुन्हा पुन्हा म्हणत होते, "माझीच चूक. मी हातात द्यायला नको होत्या."

मीही रडले. मी अठरा वर्षांची होते, माहेर लांब होतं, आणि माझा बाप माझ्यासाठी असा कधी रडला नव्हता. मला त्या न पाहिलेल्या लेकीचा संताप आला. एका मिरचीवरून म्हाताऱ्या बापाला सात वर्षं तळमळत ठेवणारी ही कोण एवढी लागून गेली. गावात सगळ्यांनाच ही गोष्ट पाठ होती. बायका हळदीकुंकवाला जमल्या की म्हणायच्या, पोटच्या पोरीने असं करावं. आमच्याकडे भांडी घासायला शेजारच्या मुद्रे गावची एक बाई यायची, ती तेवढी कधी काही बोलायची नाही. ती म्हाताऱ्याकडून मिरच्याही घ्यायची नाही. मला वाटायचं, तिला तिखट सोसत नसेल.

पुढे खोपोलीला माझ्या मावसबहिणीचं डोहाळजेवण निघालं. तिथून दोन गल्ल्यांवर ती लेक राहत होती. तिचा नवरा वीजघरात फिटर होता. मी कुणाला न विचारता, पुण्यकर्म करायच्या हुरुपाने, तिच्या दारात जाऊन उभी राहिले.

तिने बसायला पाट दिला. तिशीची असेल, पण केस कानाजवळ पांढरे झालेले. मी सरळ सुरुवात केली. म्हटलं, ताई, तुम्ही मोठ्या आहात, पण बोलते, राग धरू नका. म्हातारा माणूस आहे. रोज तुमचं नाव घेतात. मिरच्या हातात दिल्या एवढीच ना चूक झाली त्यांची.

तिने मला विचारलं, "कसल्या मिरच्या?"

मी दिवाळीची गोष्ट सांगितली. तिने ती शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग म्हणाली, "असं सांगतात होय. मला तर त्या मिरच्या आठवतसुद्धा नाहीत."

आणि मग तिने सांगितलं. रडून नाही, पाणी भरताना बाया बोलतात तशा आवाजात सांगितलं. सात वर्षांपूर्वी मानमोडीच्या तापाची ती मोठी साथ आली, तेव्हा तिच्या चाळीत रोज कुणीतरी जात होतं. नवरा तापाने पडला. चार वर्षांची मुलगी होती, तिचं अंग कोमट लागायला लागलं. नवऱ्याच्या उशाशी दीर बसला आणि म्हणाला, वहिनी, पोरीला घेऊन माहेरी जा, तिथे मोकळं घर आहे. दुपारच्या गाडीने ती कर्जतला उतरली, मुलीला खांद्यावर घेऊन भिसेगावात आली. दार बंद. दिवसा कधी बंद नसायचं ते. आतून अडसर सरकल्याचा आवाज तिने स्वतःच्या कानांनी ऐकला. म्हणजे त्यांनी तिला येताना पाहिलं होतं, आणि मग लावलं.

"आई आत रडत होती ते ऐकू येत होतं. बाबा आतून म्हणाले, धर्मशाळेत जा, मी डबा आणतो. आणि आणला हो त्यांनी डबा. खोटं कशाला बोलू. दोन दिवस, दोन्ही वेळेला आणला. धर्मशाळेच्या पायरीवर ठेवायचा, लांब त्या चिंचेखाली जाऊन उभं राहायचं आणि म्हणायचं, उचल." तिने पदर खांद्यावर नीट केला. "तिसऱ्या दिवशी मुलगी गेली. तेव्हाही ते चिंचेखालीच उभे होते."

मी म्हटलं, घाबरले असतील.

"घाबरलेच होते," ती म्हणाली. "सगळेच घाबरले होते, मी नव्हते का घाबरले? ते मला कळतं. त्यांनी एकदा येऊन म्हणावं, पोरी, घाबरलो, दार मी लावलं. लोकांत नको. मला एकटीला म्हटलं तरी पुरे. मी दुसऱ्या दिवशी माहेरी येऊन त्यांचं जेवणखाण करीन. आई गेली तेव्हा मी आले होते, त्या बाहेरच्या आंब्यापर्यंत. ते सगळ्यांसमोर रडत होते. मला वाटलं, आता म्हणतील. तर मला बघून म्हणाले, बाळ, तुला मिरच्या हातात द्यायला नको होत्या. मी तेव्हा म्हटलं, डोकं फिरलंय यांचं दुःखाने. आता तुम्ही सांगताय की सात वर्षं हेच सांगतात."

उठताना मी विचारलं, मी सांगू का त्यांना? ती म्हणाली, "सांगा. दार म्हणा. दार हाच शब्द सांगा."

परत आले तेव्हा चौकटीच्या त्या दोन रिकाम्या कड्यांकडे माझं पहिल्यांदा नीट लक्ष गेलं. अडसर जळणात गेला म्हणाले होते. म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. डोकंबिकं काही फिरलेलं नव्हतं. लाकूड जाळलं, आणि त्या जागी एक मिरची आणून ठेवली. मिरचीची चूक कुणालाही सांगता येते आणि तिच्यावर रडताही येतं.

दुसऱ्या दिवशी भांडी घासायला आलेल्या बाईला मी विचारलं, तुला हे माहीत होतं?

"गावाला म्हाईत हाय, बाय," ती म्हणाली. "पोर गेली तवा मीच हुते धर्मशाळेत. माझा घो बी तितंच गेला."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुमी इचारलं नाय. आनि सांगून काय? म्हातारा रडतो, म्हनून त्याचं खरं. ती रडत नाय, म्हनून ती वाईट. आमी कोन बोलनार गं." तिने राखेचा हात झटकला आणि पुढचं पातेलं घेतलं.

आता माझी गोष्ट. मी त्यांच्याकडे गेले. ते बी धरण्यासाठी पिकलेल्या मिरच्या निवडत होते. मी म्हटलं, काका, ताई भेटल्या. त्यांच्या हातातली मिरची खाली पडली. माझ्याकडे बघणारे ते डोळे मला आजही आठवतात, आणि त्या डोळ्यांत भीती होती हे मी शपथेवर सांगेन. त्यांना वाटलं, ही आता तो शब्द बोलणार. आणि माझी जीभ अडखळली. वडीलधारा माणूस, ज्यांच्या घरात राहतो ते, मला सूनबाई म्हणणारे. मी म्हटलं, "त्या येतील म्हणाल्या. फक्त तुम्ही चूक कबूल करा म्हणाल्या."

भीती एका क्षणात गेली. "एवढंच ना," ते म्हणाले. "करतो की. मी तर रोज करतोय."

मी तेव्हाच म्हणायला हवं होतं, काका, मिरचीची नव्हे. मी त्यांची पडलेली मिरची उचलून दिली, पाटावर ठेवून दिली, आणि घरात आले.

चूक कबूल करतो, ये, असं पत्र त्यांनी तिला टाकलं, आणि माघात एका रविवारी ती दुपारच्या गाडीने आली. त्यांनी पडवी सारवून घेतली होती, कुंड्यांना गेरू लावला होता, आणि अर्ध्या आळीला बोलावलं होतं. ती फाटकातून आली तेव्हा एवढी माणसं बघून थबकली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. मी मान हलवली. कशासाठी हलवली ते मलाही सांगता येणार नाही.

ते उठले. पळसाच्या पानावर लालभडक लवंग्या, त्या पायरीवर ठेवल्या. दोन पावलं मागे गेले आणि हात जोडले. पासष्ट वर्षांचा बाप लेकीला हात जोडतोय हे बघून बायकांनी तिथेच डोळ्यांना पदर लावला.

"चुकलो मी, बाळ," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते खोटं नव्हतं. "लोकांदेखत सांगतो. मी तुझ्या हातात मिरच्या द्यायला नको होत्या. माझी चूक. मला माफ कर."

ती वाट बघत उभी राहिली. कुणीतरी म्हणालं, "बस ना गं, किती वेळ उभी राहशील."

तिने विचारलं, "आणि?"

"आणि काय?"

"आणखी काही सांगायचंय का, बाबा?"

त्यांची नजर दाराच्या चौकटीकडे गेली. मी बघत होते. तिथे ती क्षणभर थांबली, मग जमलेल्या लोकांवरून फिरली आणि पुन्हा पायरीवरच्या पानावर आली. "आणखी काय असणार," ते म्हणाले. "तेवढी एकच चूक झाली माझ्या हातून. उचल त्या. आता खाली ठेवल्यात."

तिने मिरच्या उचलल्या नाहीत. माझ्या हातातलं पाणीही घेतलं नाही. "गाडीची वेळ झाली," म्हणाली आणि वळली. भांडीवाली मोरीपाशी उभी होती, ती हात पदराला पुसत तिच्या मागे चालायला लागली. दोघी फाटकातून गेल्या.

मग पडवीत जो कालवा झाला तो काय सांगू. दगडाची आहे, कुणी म्हणालं. बापाने हात जोडले तरी पाझर फुटला नाही, कुणी म्हणालं. आमचे हे त्यांना धरून आत घेऊन जात होते, तेव्हा ते माझ्यासमोर थांबले.

"सूनबाई, तुम्ही तिच्याकडे गेला होतात. तुम्ही सांगा यांना. मी हात जोडले की नाही?"

मी म्हटलं, "जोडलेत."

"चूक कबूल केली की नाही?"

"केलीत."

लोकांनी माना डोलावल्या. मी तांब्या घेऊन आत आले आणि चुलीपुढे बसले. खोपोलीच्या गाडीला अजून दोन तास होते, आणि स्टेशन आमच्या घरापासून दहा मिनिटांवर होतं. मी गेले नाही.